दाढेचे अकरा धुरे

नत्थुजी विहिरी खोदायचा. मी पाच वर्षं त्याच्या हाताखाली माती ओढली. विहिरीचा काठ बोटभर वाकडा गेला तरी तो पुन्हा खणायला लावायचा. माझा जीव मेटाकुटीला यायचा, पण त्याची एकही विहीर ढासळली नाही.

१८६४ साली गावोगाव माणसं कापसाच्या गाड्यांवर गेलेली. आम्ही दोघेच दर्यापूरजवळ खोदत होतो. चार पुरुष खोलीवर त्याला एक दाढ लागली. उखळाएवढी. बैलाच्या दाढेवर असतात तसे उंचवटे होते, पण मोठे आणि अकरा. काढताना सगळे सुटे झाले. नत्थुजीने ते निघाले तसे ओळीने मांडले आणि क्रमाने एक, दोन, तीन असे चुन्याचे ठिपके दिले. उंचवट्याला तो धुरा म्हणाला, मधल्या खोलगटाला तास. शेतातलेच शब्द, धुरा म्हणजे बांध आणि तास म्हणजे नांगराची सरी.

मोजणीच्या साहेबाला जुन्या हाडांचा नाद होता. दाढेची बातमी कळताच त्याचा कारकून वामनराव ती न्यायला आला. आला तो आला, वर तुकडे नदीवर धुऊन आणले. ठिपके गेले.

"काहून धुतले?" नत्थुजी ओरडला.

"किती माती होती त्यांच्यावर!"

"त्या खुणा होत्या ना, बाप्पा!"

"मग मांड परत. क्रम चुकला तर साहेब म्हणतील, खेडुतानं दगड जोडून फसवलं."

फसवलं हा शब्द नत्थुजीला झोंबला. दोन दिवस विहीर बंद.

बायको मनकर्णा वैतागली. "अख्खं गाव कापूस भरून राह्यलं, अन् तुमी दात जुळवून राह्यले!"

काही धुरे पार झिजलेले, काही कमी, एक कोराच होता. पुढचे आधी झिजत असणार, म्हणून त्याने झिजेप्रमाणे ओळ लावली. चौथा आणि पाचवा मात्र सारखेच दिसत होते.

"लाव कसेही. कोण पाहतंय?" वामनराव म्हणाला.

"मी पाहून राह्यलो ना."

तुटलेल्या कडा फिरवून फिरवून त्याने त्या दोघांचीही जागा शोधली. तोवर वामनरावाने कागदावर 'रेघा अकरा' असं लिहिलं होतं.

"रेघ नाही ते. रेघ काढलेली असते. हा उभा हाय, यानं चावलं हाय. धुरा लिवा."

"दाताला कोणी धुरा म्हणतं का?"

"मंग तुमी काय म्हणता?"

 वामनरावाने चरफडत रेघा खोडून धुरा लिहिलं.

मग नत्थुजीने छिन्नी घेतली आणि प्रत्येक धुऱ्याच्या बुडाशी खाचा पाडल्या. एक, दोन, तीन, थेट अकरापर्यंत.

"अरे, नासवलीस ना दाढ!"

"आता धुवा," नत्थुजी म्हणाला आणि विहिरीत उतरला.