डोकं डावीकडे

माझ्या थोरल्या जाऊबाईंना सगळी प्रयोगशाळा माशीकाकू म्हणते. फळमाश्या पाळायच्या, जेलीच्या ताटलीवर त्यांची अंडी घ्यायची, तीन तासांनी ती रंगात घालायची, हे काम त्या एकवीस वर्षं करताहेत. मी तिथेच बाटल्या धुते, त्यामुळे सांगते ते डोळ्यांनी पाहिलेलं.

रंगवलेला गर्भ भिंगाखाली धरला की अंगावर सात पट्टे दिसतात. तेवढ्याच जागी एक जनुक जागं झालेलं असतं, आणि त्यावरूनच पुढे माशीच्या शरीराचे भाग आखले जातात. भाजी निवडतानाही जाऊबाई हेच बोलतात, म्हणून मलाही पाठ झालंय.

दोन वर्षांपूर्वी एका बाटलीतल्या अंड्यांत त्यांना सहाच पट्टे दिसले. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, रंग चढला नसेल. जाऊबाईंनी हट्टाने चाळीसदा रंगवून दाखवलं. तेव्हा मॅडमनी त्यांचा हात हातात घेतला. "काकू, लेखात तुमचं नाव येणार. माझा शब्द." त्याच संध्याकाळी भाऊजींनी भिंतीवर फ्रेमसाठी खिळा ठोकला.

परवा छापण्याआधीचा लेख आला. सहा नावं. एक तर पाच महिन्यांपूर्वी आलेल्या विद्यार्थिनीचं, जिला अजून माश्यांमधले नर-मादी ओळखता येत नाहीत. चित्रंही तिनेच लावलेली. जाऊबाईंचं नाव कुठेच नाही. शेवटी 'कर्मचाऱ्यांचे आभार'. म्हणजे बाटल्या धुणारी मीही त्यात आले! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या मात्र चित्राकडेच बघत होत्या.

"उलटं लावलंय गं," हळूच म्हणाल्या. "डोकं कायम डावीकडे हवं. या गोल पेशी शेपटीच्या, त्याच डावीकडे आल्यात. मोजलंय शेपटीकडून. गेलाय तिसरा पट्टा, लिहिलंय पाचवा."

तेवढ्यात मॅडम आल्या. त्या स्वतः कधी पट्टे मोजत नाहीत. काकू सांगतील तो आकडा. "काकू, नेहमीसारखं तपासलंत ना? आजच पाठवायचंय."

जाऊबाईंनी कागद त्यांच्या हातात दिला. "ज्यांची नावं आहेत, त्यांना विचारा," म्हणाल्या आणि माश्यांचं खाणं बदलायला गेल्या. मॅडम थट्टा समजून हसल्या. लेख तसाच गेला.

घरी कळल्यावर भाऊजींनी खिळा उपटला. तेव्हा जाऊबाई रडल्या. मी म्हटलं, "जाऊ दे, नावात काय ठेवलंय?"

"नावाचं नाही गं," त्या म्हणाल्या. "चित्र उलटं गेलं, आणि मी जाऊ दिलं."