पेणातलं कल्याण जंक्शन

मी कल्याण जंक्शन उलटं बांधलं. उलटं म्हणजे छत खाली आणि रूळ वर असं नव्हे, तेवढं मलाही कळतं. डावं ते उजवं आणि उजवं ते डावं. सगळे प्लॅटफॉर्म, जिने, पूल, सिग्नल, बाहेरचा एसटी स्टँड, सगळं जागच्या जागी, फक्त चुकीच्या हाताला. बांधायला चार महिने लागले आणि त्या चार महिन्यांत एकदाही मला शंका आली नाही.

सगळं सुरू झालं रोह्यात, माझ्या सासुरवाडीला. माझे सासरे कल्याणला रेल्वेच्या केबिनमध्ये होते. केबिन म्हणजे रुळांच्या कडेची ती उंच काचेची खोली, जिथून लोखंडी दांडे ओढून गाड्यांना वाट करून देतात. उभी हयात त्यांनी दांडे ओढले आणि निवृत्त झाल्यावर रोह्याला आपल्या घरी येऊन राहिले. सासूबाई गेल्या तेव्हापासून एकटेच. तोवर रेल्वे रोह्यापर्यंत आली होती आणि तिथंच संपत होती, पुढं रूळच नव्हते. मामा, म्हणजे माझे सासरे, रोज सकाळी स्टेशनवर जाऊन बसायचे आणि तिथल्या माणसांच्या चुका काढायचे. गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यामुळे एकेका गाडीच्या वाट्याला भरपूर चुका यायच्या.

एकदा ते स्टोव्हवर भात ठेवून स्टेशनवर गेले. भाताचा कोळसा झाला, पातेलं गेलं, आणि शेजाऱ्यांनी दार तोडलं नसतं तर घरही गेलं असतं. त्या दिवसापासून माझ्या बायकोचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिचं एकच म्हणणं, बाबांना पेणला आपल्याकडं आणायचं. आम्ही दोघं रोह्याला जाऊन त्यांच्यासमोर बसलो.

"लेकीकडं कोण राहतं का गो?" मामा म्हणाले. "आणि पेणात हाय काय? गणपती आणि पापड. मला गाड्या दिसायला पायजेत."

"पेणला पण स्टेशन आहे की, बाबा."

"हाय. गाडी येते आणि जाते. त्याला काय स्टेशन म्हणायचं? स्टेशन म्हणजे कल्याण!"

इथं शहाण्या जावयानं गप्प राहून चहा प्यायला असता. मी म्हणालो, "मामा, तुमचं कल्याण मी पेणला आणतो. छोटं, पण चालतं. गाड्या तुम्ही सोडायच्या."

मामांनी कप खाली ठेवला. "आणा," म्हणाले. "बरोब्बर कल्याण आणलंत, तर राहतो कायमचा. शब्द देतो."

परतताना गाडीत बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला जमणार आहे का? घराचं फाटक लावलंत तेव्हा ते अर्धंच उघडत होतं."

"ते फाटक होतं," मी म्हणालो. "हे स्टेशन आहे."

नागोठणं येईपर्यंत तिनं त्या फाटकाचे बाकीचे दोष मोजून दाखवले.

आता नकाशा हवा. तो मामांनीच काढून दिला, जुन्या कॅलेंडरांची पानं पालथी करून आणि चिकटवून. सगळं आठवणीतून. हा फाटा इथं, तो सिग्नल तिथं, नाशिककडं जाणारे कसाऱ्याचे रूळ डावीकडं, पुण्याकडं जाणारे कर्जतचे उजवीकडं, गाड्या कोणत्या रुळावरून कुठल्या दिशेला जातात त्याचे बाणसुद्धा. आठ दिवस त्यांनी स्टेशनवर जायचं सोडलं आणि पेन्सिलीला टोक करत बसले. बायको आनंदानं मला म्हणाली, "बघा, कसे रमलेत." त्या आनंदाचं ओझं माझ्या डोक्यावर आहे हे तेव्हा मला वाटलं नाही. मला वाटलं, काम निम्मं झालं.

माझा स्वतःचा कल्याणचा अनुभव सांगून टाकतो. तोवर मी तिथं चार वेळा उतरलो होतो आणि चारही वेळा चुकीच्या बाजूनं बाहेर पडलो होतो.

आमचा घरचा धंदा गणपतीचा. कारखाना थोरला भाऊ बघायचा, माझ्याकडं साचे. साच्याचं काम ज्यानं केलं नाही त्याला ही गोष्ट समजायची नाही, म्हणून सांगतो. साच्याच्या आतल्या अंगाला नक्षी उतरवायची तर चित्र कागदावर काढायचं, रेघांवर सुईनं भोकं पाडायची, कागद पालथा घालायचा आणि वरून गेरूची पुरचुंडी थोपटायची. ठिपके उमटतात, त्यांवरून कोरायचं. कागद पालथाच हवा, कारण साच्यातलं डावं मूर्तीवर उजवं होऊन येतं. एकदा आमच्याकडच्या एका गड्यानं कागद सुलटा घातला, तर ओळीनं सगळे गणपती उजव्या सोंडेचे निघाले. उजव्या सोंडेचं सोवळं सांभाळायला कुणी तयार होईना. दादानं त्या गड्याला जे ऐकवलं ते मी पण ऐकलं होतं. तेव्हापासून कागद पालथा घालणं माझ्या हाडात गेलं.

अनंत चतुर्दशी झाली, मूर्ती गेल्या, कारखान्यात जागा रिकामी झाली. मी प्लायवूडचे तीन मोठे पाट जोडले. मामांचा नकाशा चौकटी आखून मोठ्या खाकी कागदावर वाढवला. रेघांवर भोकं पाडली. आणि हाताला वळण होतं तसा कागद पालथा घालून वरून गेरू थोपटला.

झालं. इतकंच. पुढचे चार महिने मी या एका थोपटण्यावर इमारत चढवत होतो. मामांचा मूळ नकाशा मळू नये म्हणून बायकोनं तो घडी करून ट्रंकेत ठेवला होता, कुलूप लावून.

काम मात्र मी झोकात केलं, हे माझे शत्रूही सांगतील. मुंबईच्या बाजारातून खेळण्यातल्या गाड्यांचे संच आणले, डब्यांना पत्र्याची नवी अंगं चढवली. प्लॅटफॉर्म प्लास्टरचे ओतले. सांधे, म्हणजे जिथं गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते ती जागा, हलवायला सायकलच्या ब्रेकच्या तारा वापरल्या. एका टोकाला सांधा, दुसऱ्या टोकाला छोटा लोखंडी दांडा. हे सगळे दांडे एका लाकडी चौकटीत ओळीनं बसवले, मामांच्या केबिनसारखे. त्या तारांसाठी मी इतक्या वेळा सायकलवाल्याकडं गेलो की शेवटी त्यानं विचारलं, "शेट, सायकली भाड्यानं द्यायचं काढलंत काय?"

माणसं मात्र फसली. कल्याणच्या प्लॅटफॉर्मवर माणसं हवीतच, म्हणून कारखान्यात डोळ्यांची आखणी करणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराला मी गळ घातली. त्यानं शाडूचे बोटभर प्रवासी केले, एकाहून एक सुबक. पण जन्मभर त्यानं गणपतीशिवाय काही केलं नव्हतं. सगळ्या प्रवाशांना सुखी पोटं आली. सगळ्यांचे डोळे अर्धवट मिटलेले, कृपाळू. हमाल डोक्यावरची पेटी विसरून आशीर्वाद देतोय. तिकीट तपासनीस असा प्रसन्न, की विनातिकीट माणसानं आपण होऊन पाया पडावं.

"जरा घाईत दाखवा की हो," मी म्हणालो.

"घाईतला डोळा मला येत नाय," कारागीर म्हणाला. "घाई त्यांच्या पायात दाखवतो." आणि त्यानं सगळ्यांचे पाय वाकडे केले.

दादा रोज एक फेरी मारून जायचा. "माघी गणपतीच्या आत जागा मोकळी कर. नायतर तुझ्या कल्याणवर मी मूर्ती वाळत घालीन."

माघी गणपतीच्या आठवडाभर आधी तिन्ही पाट हातगाडीवरून रामवाडीला आमच्या घरी आणले आणि पडवीत जोडले. आळीतली माणसं बघून गेली. कुणालाही काही खटकलं नाही. बघणाऱ्यांतले निम्मे माझ्याच तालमीतले, साचेवाले.

ठरलेल्या दिवशी मामा सकाळच्या गाडीनं रोह्याहून आले. हातात एकच पिशवी. धोतर परीटघडीचं, आणि कोटाच्या खिशात गाड्यांना दाखवायची हिरवी-तांबडी फडकी घडी करून ठेवलेली. ते बघून बायकोनं मला आत ओढलं. "अहो, झेंडे घेऊन आलेत! म्हणजे राहायच्याच तयारीनं आलेत." तिनं पहाटे उठून वालाचं बिरडं केलं होतं.

मामा पाटांच्या मुंबईकडच्या टोकाला उभे राहिले आणि बघू लागले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग चालत दुसऱ्या टोकाला गेले आणि तिकडून बघितलं. मग मध्ये येऊन वाकले. मला वाटलं, म्हातारा गहिवरला. मी बायकोला खूण केली आणि नाशिकची गाडी सोडली, मागोमाग पुण्याची.

"थांबवा," मामा म्हणाले.

मी दोन्ही थांबवल्या.

"कुठं चालली ही?"

"नाशिकला, मामा."

"ही पुण्याला चालली हाय. आणि पुण्याची नाशिकला चालली हाय. आणि दोघी उजव्या हातानं चालल्या हायेत. आपल्या देशात गाडी कुठल्या हातानं चालते, जावईबापू?"

मी माझे दोन्ही हात बघितले.

"एसटी स्टँड पश्चिमेला. हा कुठं हाय? पूर्वेला. एक नंबर कुठं? पार पलीकडं." ते एकेक बोट दाखवत गेले आणि माझ्या डोळ्यांपुढं तो खाकी कागद आला, पालथा. बायकोनं ट्रंक उघडून मूळ नकाशा आणला, पाटाशेजारी धरला, आणि परत त्याची घडी घातली. त्या घडी घालण्यात सगळं होतं.

"मी शब्द दिला होता तो बरोब्बर कल्याणचा," मामा म्हणाले. "हे कल्याण नाय. संध्याकाळच्या गाडीनं मी निघतो."

"बाबा, जेवा तरी आधी," बायको म्हणाली.

मामा हात धुवायला वळले. पडवीच्या खांबाला माझा दाढीचा आरसा टांगलेला असतो. त्यासमोर ते थबकले. मान जराशी डावीकडं केली, उजवीकडं केली. मग आरसा खिळ्यावरून काढला, स्टेशनकडं पाठ करून उभे राहिले आणि आरसा डोळ्यांसमोर धरला.

मग तो थोडा वर, थोडा खाली करून बघितला.

"इकडं ये गो," त्यांनी लेकीला हाक मारली. "ह्यात बघ. हे बघ आपलं कल्याण."

आरशात सगळं सुलट झालं होतं. कसारा डावीकडं, कर्जत उजवीकडं, एसटी स्टँड पश्चिमेला. मामा आरसा सावकाश फिरवत होते आणि बोलत होते. "ही माझी केबिन. हिच्या खाली चहावाला बसायचा, तो खालून कप वर द्यायचा दोरीनं. हा सांधा पावसात जड व्हायचा, दोघांनी ओढायला लागायचा. ह्या जिन्यावर तुझी आई डबा घेऊन यायची. तू कडेवर. गाडीची शिट्टी झाली की रडायचीस." बायको त्यांच्या खांद्यावरून आरशात बघत होती, एकाच वेळी हसत आणि डोळे पुसत. मी पण बघायला गेलो, तर मामा म्हणाले, "तुम्ही नको. तुमचा नेम नाय, आरशात पण उलटं दिसायचं."

जेवण झालं. बिरडं दोनदा वाढून घेतलं. मग मामांनी पिशवी उचलली. शब्द म्हणजे शब्द, रेल्वेतला माणूस.

मी म्हणालो, "मामा, सगळं काढतो. परत बांधतो, सुलटं. पुढच्या माघीला या."

"कोण बांधणार?"

"मी."

मामा पायरीवर थांबले. पाटांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, माझ्या हातांकडं बघितलं. माणूस स्टोव्हवर भात ठेवून निघून जाऊ शकतो, पण नाशिकची गाडी पुण्याला जाताना बघून निघून जाऊ शकत नाही. पिशवी त्यांनी खाली ठेवली.

"तुम्ही परत कागद पालथा घालाल," ते म्हणाले. "पान्हा आणा. आधी कसाऱ्याकडचा पाट सोडवू."

बायको आतून पान्हा घेऊन आली तेव्हा मी अजून उभाच होतो.

शिमगा झाला, पाडवा झाला. पहिला पाट सरळ व्हायलाच तेवढे दिवस लागले, कारण प्रत्येक सांधा मामा स्वतः ओढून बघायचे आणि नापास करायचे. शाडूची माणसं तेवढी त्यांनी तशीच ठेवली. म्हणाले, कल्याणला असा एक जरी तपासनीस भेटला असता तर नोकरी सुखाची झाली असती. सकाळी चहा झाला की ते चौकटीपाशी बसायचे, मी त्यांच्या हाताखाली. माझं काम तारा धरणं आणि बोलणी खाणं. त्यांची रोह्याची किल्ली बायकोनं ट्रंकेत ठेवली, त्यांनी ती मागितली नाही.

एक दिवस शेजारचे काका कुंपणाशी आले. "काय पाव्हणं, लेकीकडं मुक्काम लांबला. किती दिवस हाय अजून?"

मी तार धरल्या धरल्या घाबरलो. लेकीकडं राहण्याचा विषय कुणी काढला की मामांची पिशवी हलायची. बायको पण स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

मामांनी दांडा ओढला, सांधा खटकन बसला. मान वर न करता म्हणाले, "जावयाला डावं-उजवं कळंपर्यंत."

"मग रोह्याचं घर विकून टाका, बाबा," बायको म्हणाली.