बाबांनी मागवलेला दाखला

नवघरच्या आमच्या सोसायटीत बाबा सलग सात वर्षं सेक्रेटरी होते, कारण दुसरं कुणी तयारच व्हायचं नाही. माणूस रत्नागिरीकडचा, त्यात सरकारी नोकरी. कागदावर त्यांचा भारी जीव. रेशनकार्डाच्या झेरॉक्सचीही झेरॉक्स काढून ठेवत.

आमचे वॉचमन अंकल नेपाळचे. बायको आणि तीन वर्षांची मुलगी घेऊन ते मीटररूमशेजारच्या खोलीत राहायचे. मला त्यांची आठवण येते ती गच्चीमुळे. मेअखेर गावाहून आणलेले रातांबे फोडून आई तिथे आमसुलं वाळवायची, आणि थंडीत त्याच चादरीवर अंकलची बायको, आमच्या काकी, मोहरीचा आंबवलेला पाला पसरायच्या. त्याच्या वासाची वरच्या मजल्यावरून तक्रार आली, तेव्हा आई त्यांना म्हणाली, "आमचे बोंबील वाळतात तेव्हा तुम्ही खालीच असता ना?" पाला तिथेच वाळत राहिला. किती चांगले दिवस होते ते!

गणपतीत अर्धी बिल्डिंग कोकणात जायची आणि सगळ्यांच्या चाव्या अंकलकडे असायच्या. "तुम्ही कधी जाणार गावी?" असं मी त्यांना चिडवायचे. ते नुसते हसायचे. शेवटी एकदा काकींनीच सांगितलं. त्यांच्या गावात सरकारशी लढणारी बंदूकवाली पोरं यायची, घरटी एक माणूस द्या म्हणायची. त्यांना जेवू घातलं म्हणून मागून फौज येऊन मारायची. अंकलना न्यायला येणार होते, त्याआधीच हे दोघं पळाले. "हम किधर हैं, गाँव में किसी को नहीं मालूम. सास को भी नहीं," काकी म्हणाल्या. माझं बारावीचं वर्ष होतं. मी ऐकलं आणि अभ्यासाला गेले.

पुढे पोलीस स्टेशनने सगळ्या सोसायट्यांकडून वॉचमनची माहिती मागवली. अंकलकडे घडीवर फाटलेला नागरिकत्वाचा एकच कागद. आता आमच्याकडे अशा वेळी काय करतात? ग्रामपंचायतीचा दाखला आणतात. बाबांनी त्या कागदावरचं गावाचं नाव उतरवलं आणि तिथल्या कार्यालयाला हिंदीत सुरेख पत्र लिहिलं: सदर गृहस्थ आमच्याकडे प्रामाणिकपणे नोकरीस आहेत, रहिवासाचा दाखला पाठवावा. खाली सोसायटीचा शिक्का, पूर्ण पत्ता. रजिस्टर्ड.

"अब टेन्शन नहीं. गाँव से दाखला मंगाया है," बाबांनी खुशीत सांगितलं.

अंकल स्टुलावर बसले. "किसको लिखा साहब?"

"गाँव के ऑफिस को."

"उधर अभी वो ही लोग बैठते हैं."

बाबा तसेच घरातल्या स्लिपरवर पोस्टात धावले. पत्र जाऊन तीन दिवस झाले होते. घरी येऊन त्यांनी अंकलना परोपरीने समजावलं, इथे कोण येतंय एवढ्या लांब, मी आहे ना. अंकल चिडले असते तर बरं झालं असतं. "आपने तो अच्छे के लिए किया," एवढंच ते म्हणाले. चौथ्या दिवशी सकाळी खोली झाडून, चाव्या आमच्या टेबलावर ठेवून तिघं निघाली. आईने काकींच्या पिशवीत आमसुलं घातली. मी जिन्यात उभी होते. काकींनी सांगितलेलं मी घरात एकदा जरी बोलले असते, तर हे झालंच नसतं. याची मला आजही लाज वाटते.

दोन महिन्यांनी पत्र परत आलं, न फोडलेलं. वरच्या शेऱ्याप्रमाणे गावातलं कार्यालय केव्हाच बंद पडलं होतं. अंकल कुठे आहेत ते तिथे कुणालाच कळलं नव्हतं.

बाबांनी तो लिफाफा घेतला आणि मला सोबत घेऊन काशीगावापर्यंत प्रत्येक गेटवर नेपाळी वॉचमन शोधले. सगळ्यांना लिफाफा दाखवून सांगत होते, त्यांना म्हणावं परत या, काही धोका नाही. जो तो मान हलवायचा, ओळखत नाही म्हणायचा. हायवेजवळच्या एका म्हाताऱ्या वॉचमनने मात्र बाबांना आपली खुर्ची दिली, पाणी दिलं. लिफाफा उलटसुलट करून बघितला आणि अदबीने परत केला.

"मालूम होगा तो भी," तो म्हणाला, "आपको पता कैसे दें, साहब?"