आत्याचा मसाला, सर्वांसाठी खुला

आमच्या घराण्यात खोटं कोणी बोलत नाही. अर्धं बोलतात. आई रत्नागिरीहून आली तेव्हा तिने सोबत पाटा-वरवंटा आणला, देव आणले आणि एक शिकवण आणली: पदार्थ मागेल त्याला शिकवावा, फक्त त्यातली एक गोष्ट आपल्याजवळ ठेवावी. "सगळं सांगितलं की माणूस परत येत नाही," असं ती म्हणायची. शेजारणी तिच्याकडून शिकून जायच्या, घरी करून बघायच्या आणि चार दिवसांनी वाटी घेऊन पुन्हा दारात उभ्या राहायच्या. "तुमच्या हाताची चव नाही हो येत." आई मग स्वतःच्या हाताकडे असं काही संकोचाने बघायची, की नाटक कंपनीने तिला दारातूनच उचलून नेलं असतं.

ही विद्या माझ्या मोठ्या बहिणीकडे गेली. ताई पेणकरपाड्यात राहते, लिफ्ट नसलेल्या जुन्या बिल्डिंगमध्ये. भावोजी गेल्यापासून ती एकटी आहे. पण एकटी म्हणून तिची कीव करायची असेल, तर मार्च ते मे सोडून करावी. त्या तीन महिन्यांत ती गच्चीवर मिरच्या वाळवते, डंकावर मसाला कुटून आणते आणि सगळ्या नातेवाइकांना पुरवते. त्या काळात घरात कोणाचं तिच्याशी वाजलं, तर मध्यस्थ लगेच धावतात. "ताईंना दुखवू नका, मसाला व्हायचाय." लग्नाचं पहिलं आमंत्रण ताईला, पंगतीत पहिलं पान ताईला. तिच्या स्वभावाचं म्हणाल, तर तो मसाल्यासारखाच आहे, पण मसाल्यासारखा चाळलेला नाही.

आता प्रवेश करते आमची कन्या. इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष, विषय कॉम्प्युटर. हिने लॅपटॉप घरी आल्या आल्या त्यातली विकत घेतलेली सिस्टीम पुसून टाकली आणि लिनक्स नावाचं फुकटचं प्रकरण घातलं. मी टवाळी करायला तयार होऊन बसलो होतो. ते मेलं उत्तम चाललं, अजून चालतंय. बापाचा याहून मोठा अपमान नाही.

मग जेवताना प्रवचनं सुरू झाली. सॉफ्टवेअर खुलं हवं. सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामची मूळ कृती, सगळ्यांना दिसायला हवी. कोणीही वाचावी, बदलावी, सुधारून पुन्हा सगळ्यांना द्यावी. ज्ञान कुलपात ठेवणं हा गुन्हा आहे.

"तुझ्या फोनचा पासवर्ड काय गं?" मी विचारलं.

"बाबा, तो प्रायव्हसीचा विषय आहे."

"अच्छा. कुलूप तुझं असलं की प्रायव्हसी."

"तुला समजणार नाही."

"कृती खुली कर, समजेल."

बायकोने भाताचा डाव माझ्या ताटावर जरा जोरातच आपटला. आमच्याकडे वादविवाद या आवाजाने संपतात.

कन्येच्या कॉलेजात पुढे एक टूम निघाली. प्रत्येकाने एक खुला प्रकल्प करायचा, ज्यात घरातली माणसं भाग घेऊ शकतील. वर्गातल्या मुलांनी आपापल्या घरातलं गाण्यांचं, पुस्तकांचं वगैरे काहीबाही घेतलं. हिला घराण्याची तिजोरी आठवली. एका रविवारी ती पेणकरपाड्याला गेली, आत्याबरोबर गच्चीवर बसून मिरच्यांचे देठ काढले आणि लाडीगोडी लावून मसाल्याची कृती विचारून घेतली. ताईने घडाघडा सांगितली. भाचीवर तिचा भारी जीव. शिवाय तिला वाटलं, कॉलेजचा अभ्यास आहे, मास्तर वाचतील आणि विसरतील. मास्तरांचा तिचा अनुभव तसाच होता.

संध्याकाळी कृती इंटरनेटवर चढली आणि तिची लिंक आमच्या फॅमिली ग्रुपवर पडली. वर मजकूर होता: 'आत्याचा मसाला, सर्वांसाठी खुला. सुधारणा सुचवा.'

आमच्या ग्रुपवर एरवी सुप्रभात म्हणायला चढाओढ असते. त्या दिवशी सगळे आधी कृती वाचत बसले. मग माझ्या धाकट्या भावाची बायको, म्हणजे कन्येची काकू, अवतरली. ती घोडबंदरच्या बाजूला एका टॉवरमध्ये राहते. टॉवरमधून खाडी दिसते आणि ती दिसते हे आम्हाला विसरू दिलं जात नाही.

'यात दगडफूल आहे,' काकूने लिहिलं. 'मला ताईंनी दगडफूल सांगितलं नव्हतं.'

माझी बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली. कधी नव्हे ती माझ्या शेजारी बसली आणि तिने पडद्यावर बोट ठेवलं. "नागकेशर," ती म्हणाली. "लग्न होऊन आले तेव्हापासून मसाला का जमत नाही म्हणून मी स्वतःला दोष देतेय. मला नागकेशर सांगितलंच नाही."

"बघू, तुला काय सांगितलं होतं?" कन्येने विचारलं. तिच्या आईने तोंडपाठ म्हणून दाखवलं. ते ऐकता ऐकता कन्येचा चेहरा पडला.

"जायपत्री?" ती म्हणाली. "आत्याने मला जायपत्री सांगितली नाही."

मी तिचा चेहरा बघितला आणि, देवाशपथ, मला हसू आवरेना. खुल्या ज्ञानाची पताका घेऊन निघालेली पोर, आणि तिच्याच हातात फाटकी पताका दिलेली.

पण या पोरांचं एक असतं. दुःख झालं की ती लॅपटॉप उघडतात. तिने काकूला फोन लावला, आईला पुन्हा बोलतं केलं आणि तिघींच्या कृती शेजारी शेजारी मांडल्या. कुठे काय जास्त, कुठे काय कमी, ते रंगाने दाखवणारं काहीतरी तिच्याकडे होतं. हिरव्या ओळी, तांबड्या ओळी. मग तिने एक कळ दाबली आणि तिन्ही एकत्र केल्या.

"झालं. एकीकडे नाही ते दुसरीकडे आहे. आत्याने प्रत्येकीला वेगळी खोट ठेवून दिली, म्हणून सगळ्या मिळून पूर्ण झालं. बाबा, यालाच ओपन सोर्स म्हणतात."

"याला आमच्याकडे जावांनी एक होणं म्हणतात," मी म्हणालो. "याच्याआधी कधी घडलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी ताई आली. रिक्षाने, न सांगता, हातात पिशवी नाही. ताई रिकाम्या हाताने आली म्हणजे प्रकरण गंभीर. खुर्चीवर टेकली, पाणी नको म्हणाली आणि भाचीला समोर बसवलं.

"ते काढून टाक."

"काढते. पण काकूने पुढे पाठवलंय, तिच्या मैत्रिणींनीही घेतलंय. गेलेलं परत नाही येत, आत्या."

"मग टाकायच्या आधी विचारायचं."

"तू सांगितलंस ना मला. मला वाटलं सगळं सांगितलंस."

माझ्या बायकोला संधी मिळाली होती आणि ती सोडणारी नव्हे. "हो ना ताई. सगळ्यांना वाटलं होतं."

ताईने तिच्याकडे बघितलंही नाही. ती भाचीशीच बोलत होती, आणि एरवी गच्चीवरून खाली ऐकू जाणारा तिचा आवाज आता खोलीच्या बाहेर जात नव्हता. "तुझे बाबा-काका-काकू वर्षभर कुठे असतात गं? दिवाळीला एक फोन. फेब्रुवारी संपला की सगळ्यांना ताईची आठवण येते. गुडघा कसा आहे, औषध घेतेस ना, एकटी कशी राहतेस. मला कळत नाही असं वाटतं? मसाल्यासाठी का होईना, येतात. आता घरोघरी मसाला होईल. मग उद्या मला कोण विचारणार?"

तिने सांगितलेला दिवाळीचा फोन मीच करत होतो, तोही ताटावर बसायच्या आधी उरकून. कन्या नखं खात बसली. ताई उठली आणि जाताना तिच्या डोक्यावरून हात फिरवून गेली, त्यामुळे तर पोरीची अवस्था आणखी वाईट झाली.

त्यानंतर आमच्या घराण्यात स्वातंत्र्याचा उन्हाळा सुरू झाला.

काकूने जाहीर केलं की यंदापासून मसाला घरी. मिरच्या आल्या, त्यांचे फोटो आले, मागे खाडी. टॉवरच्या गच्चीला सेक्रेटरीने कुलूप लावलेलं, म्हणून मिरच्या हॉलमध्ये पंख्याखाली वाळल्या. म्हणजे वाळल्या नाहीत. मग एका दुपारी तिने खडा मसाला भाजायला घेतला. पुढचं मला भावाने फोनवर सांगितलं, मधून मधून खोकत. समोरच्या फ्लॅटमधली बाई तोंडाला ओढणी लावून दारात आली. "भाभी, क्या जला रहे हो? गॅस लीक है क्या?" वॉचमन आग विझवायचं सिलिंडर घेऊन वर आला. कोणीतरी आगीच्या अलार्मची काच फोडली. एकोणिसाव्या मजल्यावरचे आजोबा जिने उतरायला लागले, ते आठव्या मजल्यापर्यंत पोचल्यावर त्यांना सांगण्यात आलं की आग नाही, स्वयंपूर्णता आहे.

मसाला मात्र तयार झाला. आमच्याकडे डबी आली. रंग वीटकरी, वास बरा, आणि चव अशी की बांगड्याने मेल्यानंतर दुसऱ्यांदा जीव सोडावा. कडू जहर. कृतीत चूक नव्हती, कन्येने तपासून बघितली. सगळे जिन्नस होते, प्रमाण होतं.

आमच्या घरची क्रांती त्याहून सुटसुटीत होती. बायकोने मिरच्या आणल्या, बाल्कनीत ठेवल्या आणि रोज येता-जाता त्यांच्याकडे निश्चयाने बघितलं. मे उलटला. थोड्या मिरच्यांचा ठेचा झाला, उरलेल्या बुरसल्या. इतर नातेवाइकांनी एवढाही प्रयत्न केला नाही. त्यांनी कन्येच्या पानावर चांदण्या दिल्या. चांगल्या प्रकल्पाला तिथे चांदणी देतात म्हणे. कृतीवर चांदण्यांचा सडा पडला. जगभरच्या अनोळखी लोकांनीही दिल्या.

"त्यांतल्या किती जणांनी मसाला केला?" मी विचारलं.

"ते तिथे दिसत नाही."

"आणि तुझे बाकीचे प्रोग्राम? त्यांच्यावर चांदण्या आहेत ना?"

"आहेत."

"वापरतं कोण?"

"मी," कन्या म्हणाली आणि हेडफोन घातले. वादात हरल्यावर कान बंद करायची सोय आमच्या पिढीला नव्हती.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये ताईला आम्ही जेवायला बोलावलं होतं. बोलावलं कन्येने, मसाल्याचं नाव न काढता. वर्षभर ती अधूनमधून पेणकरपाड्याला जात होती, तेही कोणाला न सांगता, प्रायव्हसीचा विषय म्हणून. जेवणं झाली आणि ताईचा फोन वाजला. काकूचं नाव दिसलं. ताईने पदर सारखा केला, फोन टेबलावर मधोमध ठेवला आणि स्पीकर लावला. आईची मुलगी आहे, प्रेक्षक वाया घालवत नाही.

"ताई, कशा आहात? गुडघा कसाय?"

"आहे जागेवर."

"एकट्या राहता, काळजी वाटते हो."

"वाटणारच. मार्च लागला."

पलीकडे काकू खाकरली. "ताई, मी काय म्हणत होते, यंदा आमचे दोन किलो..."

"अगं, तुझ्याकडे कृती आहे ना? पूर्ण आहे. मी वाचली. दगडफूलसुद्धा आहे."

"आहे हो. पण तुमच्या हाताची चव नाही येत."

ताईने हात पुढे केला आणि त्याच्याकडे बघितलं. अगदी आईसारखं. माझी बायको ओटा पुसायला वळली. पुसता पुसता तीही म्हणाली, "आमचेपण दीड धरा."

फोन ठेवल्यावर ताई भाचीकडे वळली. "उघड तुझा तो डबा. लिही. दगडफूल बाकीच्यांबरोबर भाजायचं नाही. सगळं झालं, गॅस बंद केला, की मग तापलेल्या कढईत नुसतं फिरवून काढायचं. आचेवर राहिलं की कडू होतं."

"म्हणून काकूचा..." कन्येने आ वासला. "हे तू कोणालाच सांगितलं नव्हतंस?"

"तुझ्या आजीने मला सांगितलं नव्हतं. माझे तीन उन्हाळे कडू गेले."

कन्येने लिहिलं. मग बोट कळीवर ठेवून थांबली. मागच्या वर्षीचं तिला आठवत असावं. "टाकू? आता हे खरंच सगळं आहे, आत्या. मागे काही उरत नाही."

"टाक की," ताई म्हणाली. "करणार कोण आहे?"

तिने टाकलं. ग्रुपवर लिंक दिली आणि खाली विनंती केली: 'कृती आता पूर्ण आहे. रविवारी आत्याच्या गच्चीवर मिरच्या वाळत घालायच्या आहेत. हात हवेत.' सगळ्यांनी वाचलं. चांदण्या पडल्या. भावाने नमस्काराचं चित्र पाठवलं. काकूने लिहिलं, 'आमचे दोन किलो जरा कमी तिखट.'

रविवारी मी कन्येला पेणकरपाड्याला सोडलं. मी वर गेलो नाही, कोणीतरी गाडीजवळ थांबायला हवं. गच्चीवरून दोघींच्या खोकण्याचा आवाज येत होता. मध्येच ताई ओरडली, "पसरून टाक गं, ढीग नको." मी खाली टपरीवर चहा घेतला, फोन काढला आणि एक चांदणी दिली.