छत्री भाजीवर, ऊन आईवर

बाबांची कोलशेतची कंपनी बंद पडली तेव्हा मी सातवीत होते. आठ दिवसांत आईने ठाण्यातच, कोपरीत फुटपाथवर पालेभाजी मांडली. चार घरांत एक नळ, दहा बाय दहाची खोली आणि माझं शिक्षण, सगळं त्या मेथी-पालकावर चाललं. मी बी.कॉम. झाले. अख्ख्या घराण्यात पहिली. हे मी न विचारताही सांगते.

तोवर आईच्या दोन्ही गालांवर वांग पसरलेलं, तपकिरी, नकाशासारखं. एका हळदीकुंकवाला कुणीतरी भर बैठकीत विचारलं, "अहो, तोंड नीट धुता ना?" तेव्हापासून तिने जाणंच सोडलं. आपल्या घरी एकदा संक्रांतीचं हळदीकुंकू करायची तिला फार हौस. पण म्हणायची, "या तोंडाने कुणाला बोलावू?" जायफळ उगाळून लावलं, लिंबू चोळलं. लिंबाने नुसती आग झाली.

मग मी, पदवीधर, पुढे झाले. ऑफिसमधल्या मैत्रिणीने सांगितलेली ट्यूब मेडिकलमधून आणली, चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. पंधरा दिवस चेहरा लख्ख. मी कॉलर ताठ करून फिरत होते. दुसऱ्या महिन्यात गाल लालभडक, पुटकुळ्या, आणि ट्यूब थांबवली तर वांग आधीपेक्षा गडद.

"तुझ्या कॉलेजात हे शिकवलं नव्हतं वाटतं," आई एवढंच म्हणाली.

कातडीच्या डॉक्टरबाईंनी ट्यूब बघून कपाळाला हात लावला. त्यात स्टेरॉइड होतं. मग आईला विचारलं, "उन्हात छत्री वापरता?"

"वापरते की. चांगली मोठी आहे."

"मग एवढं ऊन लागतं कसं?"

"छत्री भाजीवर असते ना. मेथी लगेच मान टाकते."

"आणि तुम्ही?"

"मी कुठे मान टाकते?"

डॉक्टरबाई हसल्या. मीही हसले. पण इतकी वर्षं ती छत्री मी रोज बघत होते.

भाजीची छत्री हलवायला आई तयार होईना, म्हणून मी दुसरी आणली. डॉक्टरबाईंनी दिलेलं सनस्क्रीन ती तीट लावल्यासारखं लावायची. दोन बोटं भरून घ्यायचं, दुपारी पुन्हा लावायचं, हे सांगितल्यावर म्हणाली, "अगं, एवढं तर मी पोळीला तूप लावत नाही!" गिऱ्हाइकं चिडवायची, "मावशी, नाटकात काम मिळालं का?"

"हो, हिरॉइनचं. आधी जुडी घे."

गाल शांत व्हायलाच काही महिने गेले. मग वांग हळूहळू उतरलं. पूर्ण जाणार नाही, उन्हाळ्यात डोकं वर काढेल, हे डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलेलं. तसंच झालं.

या संक्रांतीला बाळकुमच्या आमच्या नव्या वन-बीएचकेत आईने पहिलं हळदीकुंकू केलं. वांग कशाने उतरलं म्हणत एकीने ट्यूबचं नाव विचारलं.

"आधी डॉक्टरकडे जा," आई म्हणाली. "माझी पोरगी एवढी शिकलेली, तीसुद्धा फसली."

बावीस बायका आल्या. वांग होतं, फिकं. प्रत्येकीला कुंकू आईनेच लावलं.