आई कुणाच्या रिटर्नमध्ये

रफूमावशींच्या खोलीच्या एका भिंतीपलीकडे लॉन्ड्रीची इस्त्री चाले आणि दुसऱ्या भिंतीला लागून वर जाणारा लाकडी जिना होता. इस्त्रीमुळे खोली थंडीतही ऊबदार राही, आणि जिन्यामुळे मावशींना करमणुकीची कधी ददात पडली नाही. जिन्याच्या वरच्या टोकाला मुदतभाऊंचं ऑफिस होतं. मुदतभाऊ लोकांचे आयकराचे रिटर्न भरून देत. वर्षातले बरेच महिने त्यांच्याकडे कुत्रं फिरकत नसे, आणि मुदत संपत आली की रांग जिना उतरून थेट मावशींच्या दाराशी येऊन टेके. मग वरून आवाज येई, "मुदत बघा, मुदत! आता आलात होय?" त्यांचं खरं नाव त्यांच्या बायकोला तरी आठवत असेल की नाही, शंकाच आहे.

दारात उभ्या माणसाला ‘बसा’ म्हटल्याशिवाय मावशींना चैन पडत नसे. स्टुलावर बसलेला माणूस जीव मोकळा करी. डॉक्टरांनी पोहायला सांगितलंय, तर पोहण्याची फी औषधपाण्याच्या खर्चात दाखवता येईल का? देणगी दिलीय पण पावती हरवलीय, शपथेवर चालेल का? एकजण घरी बसून काम करायचा, त्याला अख्ख्या घराचं भाडं वजा करून हवं होतं. त्याला वरून मिळालेलं उत्तर मावशींनी जिन्यातून स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, "आणि झोपता तेही ऑफिसच्या कामासाठीच का?" मावशी सुईत दोरा ओवताना हसत. रिटर्न ही वरच्या मजल्यावरच्या माणसांची भानगड, आपला तिच्याशी काय संबंध, अशी त्यांची पक्की समजूत होती.

त्यांचं काम खालचं, उजेडाचं. खिडकीशी टेबल, टेबलावर दिवा आणि भिंग. कोटाला कसर लागलेली, पँट खिळ्याला अडकून फाटलेली, कुणाच्या शालीवर ठिणगी उडालेली, असे कपडे लॉन्ड्रीतून त्यांच्याकडे येत. मावशी कपडा उलटा करून आतली शिवण उसवत, तिथल्या दुमडलेल्या कापडातून एकेक धागा ओढून काढत आणि तोच धागा भोकावर उभा-आडवा विणत. दुकानात त्या रंगाचा रेशमासारखा दोरा मिळत असला तरी घेत नसत. "बाहेरचा धागा कितीही महाग आणा, तो दिसतोच," त्या म्हणत. "कपड्याचं भोक कपड्यानेच बुजवावं." ही विद्या त्यांना मामाने शिकवली होती, आणि नवरा हयात असताना आणि नंतरही त्यांचा संसार तिच्यावरच उभा होता. नवरा घरं रंगवायचा. रंगारी भला माणूस, पण पावसाळा आला की काम बंद. मावशींची सुई मात्र बारा महिने चाले.

मावशींना दोन मुलं. थोरली मुलगी दातांच्या डॉक्टरांकडे काउंटरवर बसते, रडणाऱ्या पेशंटला पुढची वेळ देते. धाकटा मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. जगाच्या लिफ्ट चालू ठेवायच्या आणि स्वतः तिसऱ्या मजल्यावर जिन्याने चढायचं, हे त्याचं नशीब. वडील गेल्यावर आईने कुणाकडे राहायचं यावरून दोघांचं वाजलं. थोरली म्हणाली, "तुझा जिना चढून आईचे गुडघे जातील." धाकटा म्हणाला, "आणि तुझ्या दोन खोल्यांत तिला काय कपाटात ठेवणार आहेस?" शब्दाने शब्द वाढत गेला. म्हणायचं नव्हतं तेही दोघं बोलून बसले. आई कुणाकडेच गेली नाही. आणि बहीणभावांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. आईवरच्या मायेपोटी झालेलं भांडण मिटवणं सगळ्यात अवघड, कारण त्यात दोघांनाही आपलंच खरं वाटत असतं.

दोघंही महिन्याला आईला न चुकता पैसे देत. थोरली पगार झाला की यायची, धाकटा त्याच्या सुट्टीच्या दिवशी. समोरासमोर गाठ पडू नये याची दोघं अशी काळजी घेत, की त्यातली निम्मी त्यांनी एकमेकांची घेतली असती तर मावशींना आणखी काही नको होतं.

त्या वर्षी धाकटा एक कागद घेऊन आला. कर कार्यालयाची नोटीस होती. त्याने रिटर्नमध्ये आईला ‘अवलंबून असलेली व्यक्ती’ म्हणून दाखवून वजावट घेतली होती, आणि तीच व्यक्ती दुसऱ्या कुणीतरी दाखवली होती.

"दुसरं कोण असणार!" धाकटा म्हणाला. "आई, तू फक्त खरं काय ते सांग."

दुसऱ्या दिवशी थोरली आली. तिच्या हातात तशीच नोटीस होती.

"आई, त्याला काही बोलू नकोस. तू फक्त खरं सांग."

मावशींनी दोघांना चहा दिला आणि दोघांना ‘बघते’ म्हणाल्या. त्या दिवशी एका कोटाच्या बाहीला त्यांनी चुकीच्या बाजूने टाका घातला. असं त्यांच्या हातून सहसा होत नसे.

संध्याकाळी त्या पहिल्यांदाच मुदतभाऊंचा जिना चढून वर गेल्या. भाऊ खुर्चीतून उठलेच. "मावशी, हाक मारली असतीत तर मीच आलो असतो की!"

"रांगेतून यावं म्हटलं," मावशी म्हणाल्या. "भाऊ, एका आईला दोन पोरांनी दाखवलं तर काय होतं?"

भाऊंनी समजावून सांगितलं. एक माणूस एकाच्याच रिटर्नमध्ये बसतो. आणि तोही अशाच्या, ज्याने वर्षभरात त्याचा निम्म्याहून जास्त खर्च उचलला असेल. "सोपं आहे. तुमचा खर्च सांगा, कोण किती देतं ते सांगा. ज्याचं पारडं जड, त्याची आई. दुसऱ्याने रिटर्न दुरुस्त करायचा."

"म्हणजे एकजण जिंकणार."

"कायद्याच्या भाषेत तसं म्हणत नाहीत, पण हो."

"आणि हरेल तो पुन्हा माझ्या दारात येईल, पण बहीणभावाच्या दारात जायचा नाही," मावशी म्हणाल्या.

भाऊंनी पेन उघडलं. खोलीचं भाडं? "लॉन्ड्रीमालकाला मी देते." वीज? "मीच." जेवणखाण, औषधं, हा नवा चष्मा? "माझ्या कामाचे पैसे येतात ना, भाऊ. आपला हात जगन्नाथ." भाऊ लिहिता लिहिता थांबले. "मग पोरं देतात ते पैसे जातात कुठे?"

मावशी पदराच्या टोकाशी चाळा करत बसल्या. जिन्याखाली बसून इतकी वर्षं दुसऱ्यांचे हिशेब ऐकले, आता स्वतःचा सांगायची वेळ आली तर तोंड उघडेना. शेवटी त्यांनी सांगितलं, आणि मुदतभाऊंनी पेन खाली ठेवलं.

"अहो मावशी," ते म्हणाले, "मग तर तुम्ही कुणाच्याच रिटर्नमध्ये बसत नाही!"

"ते मला कळलं. पण हे त्यांना कळलं तर दोघं माझ्याशीही बोलायचे नाहीत." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "एकाचं नाव सांगून टाकू का? धाकट्याचं? त्याला बाळ झालंय, त्याला गरज आहे."

मुदतभाऊ तसे फटकळ, पण त्या वेळी हळू बोलले. "खोटं लिहून देणार नाही मी, मावशी. आणि तुमच्याने ते झेपायचंही नाही. दोघांना एकाच वेळी बोलवा. मी खाली येऊन बसतो."

आणि दोघं आली. दोघांनाही दुसरा येणार हे सांगितलं नव्हतं. एवढी लबाडी मावशींनी केली, आणि देवाने ती खात्रीने माफ केली असणार. थोरली पलंगाच्या कडेवर बसली, धाकटा दाराला टेकून उभा राहिला, आणि मधल्या स्टुलावर मुदतभाऊ कागद मांडीवर घेऊन बसले. थोरली धाकट्याकडे बघत नव्हती. धाकटा भिंगाकडे इतक्या लक्षपूर्वक बघत होता की जणू ते त्यालाच दुरुस्त करायचं होतं.

भाऊंनी खर्च वाचून दाखवला. मग म्हणाले, "यातला सगळा खर्च तुमच्या आई स्वतः करतात. तुम्हा दोघांपैकी कुणालाच वजावट मिळणार नाही. दोघांनीही रिटर्न दुरुस्त करायचे आणि फरक भरायचा."

"कसं शक्य आहे?" धाकटा दारापासून पुढे आला. "मी दर महिन्याला देतो!"

"मीही देते," थोरली भिंतीकडे बघत म्हणाली.

"आई, त्या पैशांचं काय केलंस?"

मावशींनी हातातली सुई टेबलावरच्या उशीला टोचली. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आता अर्थ नव्हता.

"तुझ्या पैशांतून हिच्या मोठ्या मुलीचा चष्मा घेतला," त्या धाकट्याला म्हणाल्या. "शाळेचे बूट घेतले. लहानीच्या दाताला तार लावली, हिच्याच डॉक्टरांनी अर्धेच पैसे घेतले, अर्धे तू दिलेस." मग थोरलीकडे वळल्या. "आणि तुझ्या पैशांतून याच्या बाळाची बाबागाडी आली. हीटर आला. बाळंतपणानंतर सूनबाईला बाई ठेवली होती ना, तिचा पगार तू दिलास."

भिंतीपलीकडे इस्त्री फुस्स करून थांबली, मालकाचाही कान इकडेच असावा.

"तू तर म्हणालीस काम जास्त आलं म्हणून घेतलं!" थोरली म्हणाली. "मला रात्रीची झोप लागेना, आई या वयात राबते आणि आपण घेतोय म्हणून. म्हणून मी तुला पुढच्या महिन्यापासून जास्त द्यायला लागले!"

"हो ना. त्यातूनच हीटर आला."

मुदतभाऊंना ठसका लागला. तो हसण्याचा होता हे त्यांनी लपवलं, पण फारसं जमलं नाही.

धाकट्याला मात्र हसू आलं नाही. तो आईसमोर खाली बसला, लहानपणी बूट बांधून घ्यायला बसायचा तसा. "म्हणजे मी तुला काहीच दिलं नाही," तो म्हणाला. "मी सगळ्यांना सांगत फिरलो की आईचं मी बघतो. आणि तुझ्यासाठी माझ्याकडून एक गोळीसुद्धा आली नाही."

मावशींचे डोळे भरून आले. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"अरे वेड्या, दिलंस म्हणून तर मला काही करता आलं. मी मागितलं असतं का कुणाला? तुम्ही एकमेकांकडून सुतळीचा तोडा घेतला नसता. म्हणून मी एकाचं घेऊन दुसऱ्याला दिलं. तुमच्यात पडलेलं भोक मला रोज दिसत होतं. आता ते बाहेरच्या दोऱ्याने कसं बुजवू? तुमच्यातलाच धागा काढला." त्यांनी पदराने नाक पुसलं. "मला तुम्ही बघाल, ते मला ठाऊक आहे. मी नसेन तेव्हा तुम्हाला कोण बघणार, त्याचा मला घोर आहे."

थोरली पलंगावरून उठली. भावाकडे बघत, किती दिवसांनी थेट त्याच्याशी बोलली, "मोठी रोज म्हणते, आजीने आणलेल्या चष्म्यातून फळा स्पष्ट दिसतो. तिला सांगायला हवं, मामाने आणला म्हणून."

"नको सांगू," धाकटा म्हणाला. "मला लाज वाटेल. मीच येतो आणि बघतो, बसलाय का नीट तिला. ताई, ती बाबागाडी... तिचं एक चाक कुरकुरतं."

"लिफ्टवाला ना तू? तेल घाल की."

आता मात्र सगळेच हसले. मुदतभाऊंनी थोडा वेळ वाट बघितली. त्यांच्या हिशेबाने तो बराच वेळ होता. मग घसा खाकरला. "रडून-हसून झालं असेल तर मुदत बघा. मावशी, तुमची कमाई करपात्र मर्यादेच्या आतच आहे, कर काही लागायचा नाही. पण रिटर्न भरून टाकू. इतकी वर्षं काम करता, कुठेतरी नोंद नको?"

"माझा रिटर्न?" मावशी म्हणाल्या आणि केस सारखे केले, जणू फोटोच काढायचा होता.

भाऊ एकेक रकाना विचारत गेले. पोरं दोन्ही बाजूंनी कागदावर वाकून बघत होती. व्यवसाय? "रफू." कामासाठीचा खर्च? सुया, भिंग, दिवा, खोलीच्या भाड्याचा काही भाग. "दोरा?" "दोरा विकत घेत नाही मी." भाऊंनी तिथे शून्य मांडलं. औषधपाणी लिहिलं, चष्म्याची पावती थोरलीने ड्रॉवरमधून शोधून दिली.

"शेवटचा प्रश्न," भाऊ म्हणाले आणि वाचून दाखवलं. "तुमच्यावर अवलंबून असलेल्या व्यक्ती?"

मावशी काही बोलायच्या आत धाकटा म्हणाला, "दोघं आहेत. पण लिहू नका, भाऊ. कायद्यात बसायचं नाही."

मुदतभाऊंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि त्या रकान्यात सावकाश ‘नाही’ असं लिहिलं. थोरलीने धाकट्याच्या पाठीत एक धपाटा घातला, तो बऱ्याच दिवसांचा राहिला होता.