आवंदाचे बिबडे

श्रीमती मंजुळाबाई वना पाटील, वय सत्तरीच्या पुढे, राहणार पिंप्राळा, जळगाव. कुटुंबातील व्यक्ती: एक. शेतजमीन: निरंक. सबब, फाल्गुनातील अवकाळी पावसाने बाधित: नाही.

हे कोणी लिहून घेतलेले नाही. पण पंचनाम्याला कोणी आलाच असता, तर एवढेच लिहून चहा न घेता परत गेला असता.

पाऊस पडला तो तिकडे चोपड्याला, उभ्या दादरीवर. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. कणसे भिजली, दाणा काळा पडला. काळ्या ज्वारीला कोणी विचारीना, आणि पांढरीचा भाव असा चढला की लोक दुकानात दादरीची चौकशी करत आणि गहू घेऊन घरी येत.

दादरीवाचून कोणी उपाशी राहत नाही. अडले ते बिबड्यांचे. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, आणि ते एकटीचे काम नव्हे. कणी शिजवून केलेला घाटा गरम असतानाच ओल्या धोतरावर थापावा लागतो. निवला की संपले. म्हणून उन्हाळ्यात एकेका घरी सगळी गल्ली जमते. मजुरी म्हणजे वाटीभर घाटा, वर कच्चे तेल, जिन्यावर बसून खायचा. जी आपल्याकडे थापायला आली तिच्याकडे आपण जायचे. हा करार कुठेच नोंदवलेला नाही, त्यामुळे कोणी मोडत नाही.

वनाभाऊ गेल्यापासून मंजुळाबाईंच्या जिन्यावर माणसे बसत ती वर्षातून त्या एकाच दिवशी.

यंदा गल्लीने ठरवले, आवंदा बिबडे नकोत. मंजुळाबाईंनी हिशेब सरळ मांडला: अडचण दादरीची आहे, तर दादर आपण आणू. त्या तोताराम वाण्याकडे गेल्या.

"इतली दादर? एकटीले?"

"एकटी कोन शे रे? बठ्ठी गल्ली येई."

"आक्का, भाव ऐकीसन गल्ली पयी जाई."

"तू तोल."

धान्य भिजत घालून त्या दारोदार सांगून आल्या. कोणी नाही म्हटले नाही. नूतनची पाठ धरली, कोकिळाकडे पाहुणे यायचे निघाले. शेजारच्या दिपमालाला मात्र खोटे बोलायची सवय नव्हती.

"आक्का, तुमच्याकडे आलो तर तुम्हाला आमच्याकडे बोलवावं लागेल. आवंदा काय शिजवून बोलवू?"

"मी काय दादर खावाले येस का तुनाकडे?"

"तसं नाही हो. पण बरं दिसत नाही."

'बरं दिसत नाही' यावर जळगाव जिल्ह्यात अपील नाही. मंजुळाबाई "बरं" म्हणाल्या आणि घरी आल्या.

भिजलेली ज्वारी कोणासाठी थांबत नाही. नेमल्या दिवशी त्यांनी घाटा शिजवला, पातेले दोन्ही हातांनी धरून पायरी-पायरीने गच्चीवर नेले आणि वनाभाऊंची धोतरे ओली करून पसरली. सगळी धोतरे भरली नाहीत. दोन नुसतीच वाळली. शेजारच्या गच्च्यांवर कपडे होते, माणसे नव्हती. पातेल्यात अर्धा घाटा घट्ट बसला, उलथन्यालाही दाद देईना.

मग त्यांनी एका वाटीत घाटा घेतला, वर तेल सोडले आणि जिन्यावर बसून खाल्ला. बसल्या त्या कडेला सरकून, वरखाली करणाऱ्यांना वाट ठेवून.

पुढे बाहेरून आवक झाली, भाव उतरले, आणि परिस्थिती पूर्वपदावर आल्याचे सर्वांना वाचायला मिळाले. मंजुळाबाईंपुरते सांगायचे तर अन्नाची टंचाई नाही. ज्वारीच्या बिबड्यांचा साठा डबाभर, एका व्यक्तीस वर्षभर पुरेल इतका. मदतीची आवश्यकता: नाही.

मंजुळाबाईंना दात नाहीत.